अलमारी तलावात घातली तेव्हा

आमच्या घरात अलमारी येईपर्यंत आमच्या कपड्यांना दार नव्हतं. घर मातीचं, वर कवेलूंचं छप्पर, आत दोन खोल्या आणि मागे सांदवाडी, म्हणजे परसदार. पुढच्या खोलीत आढ्याला दोन दोर बांधून एक बांबू आडवा टांगला होता. त्याच्यावर बाबांचं धोतर, मायचं लुगडं, आम्हा दोघी बहिणींचे झंपर-परकर असं सगळं उघड्यावर असायचं. चुलीचा धूर त्यातून जायचा, दाराचा वारा त्यातून जायचा. सणावारी घालायचे कपडे एका पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाचा पाला घालून. आम्ही ढिवर. बाबा पहाटे डोंगा, लाकडाची होडी, घेऊन तलावावर जायचे, ऊन वर आलं की मासोळी घेऊन परत यायचे, आणि मग ओसरीत बसून फाटलेलं जाळं विणायचे. जाळ्याच्या कडेचे मण्यांसारखे गोळे एकमेकांवर आपटून बारीक टक् टक् आवाज व्हायचा. तो आवाज आणि सांदवाडीत धान कांडणाऱ्या मायच्या मुसळाचा आवाज, यात आमची सकाळ जायची. झुरळ आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. ओल्या सरपणाखाली एखादं दिसायचं. कोंबडी यायची, उचलायची, विषय संपायचा.

दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस बाबा बैलगाडीच्या पुढे पुढे चालत आले आणि गाडीत आडवी निजवलेली, कांबळ्याने झाकलेली एक भलीमोठी वस्तू होती. जंगल खात्याच्या एका साहेबाच्या घरी बाबा बरीच वर्षं मासोळी पोचवायचे. साहेबाची बदली झाली. जाताना ते म्हणाले, पत्रू, ही कुठे नेऊ आता, तू घेऊन जा. सागाची, दोन दारांची, एका दारावर माणूसभर आरसा असलेली अलमारी. चौघांनी धरून ती आत घेतली तेव्हा दाराच्या चौकटीची माती निघाली, आणि बाबा, जे घराच्या भिंतीला कोणी पाय लावला तरी ओरडायचे, ते नुसते हसले. जागा एकच होती: दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला टेकून. भिंतीच्या पलीकडे चूल, आणि चुलीजवळ सुक्या झिंग्यांची टोपली. त्या जागेचा विचार तेव्हा कोणीच केला नाही. आठ दिवस गावातल्या बाया काहीतरी निमित्त काढून यायच्या आणि स्वतःला पायापर्यंत बघून जायच्या. एक म्हातारी तर स्वतःला बघून म्हणाली, "मी येवढी बुटकी हाओ व?" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

मायने बांबूवरचे कपडे उतरवले आणि घडी घालून अलमारीत ठेवले. आता कपडे घडीचे झाले म्हणून तिने त्यांना मांड, म्हणजे खळ, द्यायला सुरुवात केली. आमच्याकडे भाताचं पसावण फुकटच. माझा शाळेचा निळा परकर तर असा कडक व्हायचा की चालताना कागदासारखा वाजायचा. मला तो आवाज फार आवडायचा. त्याच हिवाळ्यात माझ्या मोठ्या बहिणीचं, शेवंताबाईचं, लग्न जमलं. राजुऱ्याकडचं स्थळ, मुलगा कोळशाच्या खाणीत कामाला. साक्षगंधाला तिच्या सासूने हिरवी रेशमी साडी दिली आणि सांगितलं, लग्नात हीच नेसायची, आमच्यात तशी रीत आहे. ओटी भरून ती साडी तशीच, पदराला तांदूळ-कुंकू लागलेली, मायने अलमारीच्या वरच्या फळीवर ठेवली. तिथे हात घालायची कोणालाच परवानगी नव्हती.

आधी वास आला. जुन्या तेलाचा असतो तसा, पण त्यात काहीतरी आंबट. मग घड्यांमध्ये मिरीच्या भुकटीसारखे काळे कण दिसू लागले. मायला वाटलं, साहेबाच्या वेळची धूळ असेल. ती झटकायची आणि पुन्हा ठेवायची.

मग शाळेत ती गोष्ट घडली. मी सातवीत होते. मास्तरांनी मला कविता म्हणायला उभं केलं. पाठांतर माझं पक्कं असायचं आणि मला ते ठाऊक होतं, म्हणून मी जरा ऐटीतच उभी राहिले. दुसऱ्या ओळीला माझ्या झंपराच्या फुग्याच्या बाहीत काहीतरी सरकलं. मी म्हणत राहिले. तिसऱ्या ओळीला ते बाहेर आलं, कोपरावरून मनगटापर्यंत चालत गेलं आणि पंख पसरून समोरच्या बाकावर पडलं. लांब मिशांचं, तांबडं, चकचकीत झुरळ. मुलं बाकांवर चढली. मुली किंचाळल्या. माझ्या शेजारची कुंदा, जिच्यासोबत मी रोज चिंचा खायची, ती दप्तर उचलून दुसऱ्या बाकावर गेली आणि म्हणाली, "ढिवराची पोट्टी हाये ना, मासोळीचा वास कमी होता म्हनून आता हे बी घेऊन आली." मास्तरांनी तिला गप्प केलं, मला बसायला सांगितलं. मी बसले नाही. उरलेली कविता उभ्यानेच पूर्ण म्हटली, सगळी, आणि मग बसले. आज वाटतं, मी आयुष्यात केलेल्या थोड्या धीराच्या गोष्टींतली ती एक असावी. पण घरी जाताना रस्ताभर मी माझ्या दोन्ही बाह्या मुठीत घट्ट धरून चालले.

मायने ऐकून घेतलं. ती मला जवळबिवळ घेणारी नव्हती. ती उठली, अलमारीची दोन्ही दारं उघडली आणि म्हणाली, "काढ सारे कपडे." उन्हात सतरंजी टाकून आम्ही अलमारी रिकामी केली. मायने प्रत्येक शिवण उलटी करून पाहिली. एका परकराच्या नेफ्यात तिला राजम्याच्या दाण्यासारखी तपकिरी डबी चिकटलेली सापडली. तिने ती नखाने फोडली, आत बारीक अंडी ओळीने होती. तिने ती दगडावर चिरडली आणि म्हणाली, "असं हाये तं."

त्या दिवसापासून मायने झुरळांशी वैर धरलं. मांड बंद झाला, कारण तिच्या लक्षात आलं की मांड दिलेल्या कपड्यांनाच भोकं आहेत, नुसत्या धुतलेल्यांना नाहीत. माझा परकर पुन्हा मऊ आणि मुका झाला. घामाचा, एकदा घातलेला कपडा अलमारीत जाणं बंद झालं. झिंग्यांची टोपली चुलीजवळून उठून सांदवाडीत गेली. बाजारातून डांबरगोळ्या आल्या, त्यांचा वास भातालाही लागला. कडुनिंबाचा पाला, निरगुडीचा पाला, घासलेटाचा बोळा, सगळं झालं. शेजारच्याने धानावर मारायची पावडर आणून दिली होती, तिला मात्र मायने हात लावला नाही. "पोरींच्या अंगाले लागते कापड," ती म्हणाली, "किडा मरन अन् पोरबी मरन." रोज कपडे बाहेर, रोज फळ्या पुसणं. चार दिवस बरं जायचं आणि पाचव्या दिवशी घडी उलगडली की एखादं पिल्लू तुरुतुरु पळायचं. मी आता गडचांदूरला मुलाकडे राहते. त्याच्या घरात भिंतभर कपाटं आहेत आणि दर काही महिन्यांनी एक माणूस येऊन बिजागऱ्यांजवळ औषधाचे ठिपके देऊन जातो. दहा मिनिटांचं काम. सून म्हणते, आई, तुम्ही कशाला वाकून वाकून बघता? मी तोवर पुढची बिजागरी बघून घेते.

होळीनंतर मायने शेवटी हिरवी साडी उलगडली. वरच्या फळीवर आजवर काही दिसलं नव्हतं, म्हणून रोजच्या झटकण्यातून तिने ती तेवढी वगळली होती. पदर उघडला आणि जिथे ओटीचं तांदूळ-कुंकू लागलेलं होतं, नेमकं तिथे, सात-आठ भोकं. काही टाचणीएवढी, एक तर अंगठा जाईल असं.  शेवंताबाई दारात उभी होती. मला वाटलं आता ही रडणार. ती आली, साडी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि एकेका भोकातून बोट फिरवून पाहिलं, जसं आम्ही जाळं तपासायचो तसं.

"हिच्याच आतल्या काठातून धागे काढतो," ती म्हणाली. "विणता येते."

"रेशीम हाये ते, जाळं नाई," माय म्हणाली.

"जाळ्यापेक्षा बारीक हाये, येवढंच."

त्या दुपारी बाबा परत आले तेव्हा मायने त्यांना पाणीही विचारलं नाही. कुऱ्हाड अलमारीला टेकवून ठेवली होती. "उद्या फोडून चुलीत घालीन हिले."

"हात लावून पाहा," बाबा म्हणाले.

"काऊन? साहेबाची हाये म्हनून? साहेब गेला अन् झुरळं ठेवून गेला आपल्या घरी!"

"साहेबाची नाई," बाबांचा आवाज एकदम खाली आला. "शेवंताची हाये. तिच्या आंदनासाठी आनली मी. दुसरं काय देनार हाओ पोरीले? जाळं देऊ? डोंगा देऊ?"

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मायलाही नाही. शेवंताबाईने हातातलं दोऱ्याचं बंडल खाली ठेवलं आणि आत गेली. मायने कुऱ्हाड उचलून जागेवर ठेवली, पण अलमारी ओट्यावर काढायला लावली. "झुरळासंगट नाई देनार," एवढंच म्हणाली. दोन दिवस ती अलमारी ओट्यावर आणि आईबाप एकमेकांशी न बोलता आत. 

तिसऱ्या दिवशी मी बाबांबरोबर तलावावर गेले. उन्हाळा लागला की काम नसलेला डोंगा आम्ही पाण्यात बुडवून ठेवायचो, दगड भरून. नाहीतर ऊन लागून लाकूड तडकतं. बाबा आणि मी डोंग्यात दगड टाकत होतो. पाणी काठावर चढलं तशा लाकडाच्या फटींतून मुंग्या, पांढरे किडे, कोळी, काय काय वर येऊ लागलं. वर येत, पाण्यावर पसरत, आणि बारीक मासे टपाटप वर येऊन ते खात. मी कितीतरी वर्षं हे बघत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"बाबा, अलमारीबी अशीच बुडवली तं?"

"अलमारी का डोंगा हाये?"

"लाकूडच हाये ना."

बाबा कमरेवर हात ठेवून पाण्यात उभे राहिले. "सांध्याले लावलेला सरस सुटन," ते म्हणाले. पण घरी आल्यावर न बोलता ओट्यावर गेले, अलमारीच्या मागे बसले आणि सांध्यांवरून बोटं फिरवू लागले. मग त्यांनी मायला हाक मारली, दोन दिवसांनी पहिल्यांदा. "हे पाय. सरस नाई. साऱ्या लाकडाच्या खुंट्या हायेत." आणि त्यांनी अलमारीच्या पाठीवर मुठीने ठोकलं. पोकळ आवाज आला. पाठीच्या फळ्या दुहेरी होत्या. मधल्या जागेत काहीतरी सळसळलं, वाळक्या पानांत पाऊस पडावा तसं. इतके दिवस आम्ही घर पुसत होतो आणि त्यांचा गाव पाठीमागे वसला होता.

तलाव सगळ्या ढिवरांच्या सोसायटीचा, म्हणून अध्यक्ष डोमाजीभाऊंना विचारणं आलं. ते आले, अलमारीभोवती फिरले, वास घेतला. "औषध मारलं का हिच्यात?"

माय पुढे झाली. "घासलेटाचा बोळा फिरवला होता. खोटं नाई सांगत. पावडर नाई टाकली."

"टाकली असती तं काठालेबी येऊ देलं नसतं," डोमाजीभाऊ म्हणाले. "मासोळी मेली असती सारी. राखेनं दोनदा घासून काढा, मग आना."

आम्ही राखेने तीनदा घासली. बाबांनी आरसा उतरवला, दारं उतरवली. चौघांनी सांगाडा खांद्यावर घेतला आणि अर्धा गाव मागे निघाला. गावात इतकं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. "पत्रूभाऊ, अलमारीचं लगन हाये का मयत?" कोणी विचारलं. बाबाही हसले. माय हसली नाही. ती खराटा घेऊन काठावर उभी राहिली, एकही परत जमिनीवर येऊ नये म्हणून. कुंदाही आली होती, पारीवर, तलावाच्या बांधावर, दूर उभी होती.

छातीएवढ्या पाण्यात अलमारी उभी केली, खालच्या कप्प्यात दगड भरले, खोल पाण्याकडे ढकलली आणि ती हळूहळू दबू लागली. पाणी एकेक फळी चढलं. आणि मग झुरळं निघाली. पाठीच्या फटीतून, वरच्या नक्षीच्या मागून, सांध्यांतून, शेकड्याने. पाणी वर येईल तशी ती वर पळत होती आणि शेवटी सगळी माथ्याच्या फळीवर गोळा झाली, एकमेकांवर चढून.  माझ्या बाहीतून चालत गेलेलं ते एक, आणि इथे ही इतकी. चौघांतले दोघे मागे सरले, हात लावेनात. अलमारी कलू लागली. मी वजनाने हलकी, पण पोहत जवळ आलेली मीच होते. मी दोन्ही तळवे माथ्यावर, त्यांच्या मधेच, टेकवले आणि अंगाचा सगळा भार टाकला. झुरळं माझ्या हातांवर चढली, दंडापर्यंत आली. "दाब, निर्मला!" काठावरून माय ओरडली. मी डोळे मिटले नाहीत. दाबलं. पाणी फळीवरून गेलं, माझ्या हातांवरून गेलं, आणि सगळी पाण्यावर तरंगायला लागली. पुढचं काम मासोळीने केलं. एवढाले मासे उड्या मारत होते की डोमाजीभाऊ म्हणाले, आज जाळं आनाले पायजे होतं.

मी बाहेर आले तेव्हा कुंदा पारीवरून खाली उतरली होती.  माझ्या पाठीला, केसांत एक चिकटलेलं होतं, ते तिने दोन बोटांनी काढलं आणि पाण्यात फेकलं. आम्ही पुन्हा एका बाकावर बसू लागलो, पण आधीसारख्या मैत्रिणी झालो नाही. ते बोललेलं मी विसरले नव्हते, आणि तिलाही ते ठाऊक होतं.

तीन दिवस अलमारी तलावात राहिली. बाहेर काढली ती काळी पडून, फुगून. उन्हात ठेवली असती तर फाटली असती, म्हणून महिनाभर आंब्याखाली सावलीत वाळवली. बाबांनी पाठीची आतली फळीच काढून टाकली. डोंग्याच्या भेगा बुजवायची राळ तेलात कढवून त्यांनी एकेक फट बुजवली, करंजाचं तेल चोळलं. एक दार शेवटपर्यंत नीट लागलं नाही, खालून घासायचं. पण आत हात घातला तर फक्त तेलाचा आणि लाकडाचा वास.

शेवंताबाईची साडी तोवर विणून झाली होती. रोज जेवणं आटोपली की ती दारातल्या उजेडात बसायची, मांडीवर स्वच्छ पंचा, हातात बारीक सुई. जवळून पाहिलं तर कळायचं, हाताने तर नक्कीच कळायचं, पण भोक एकही नव्हतं. लग्नाच्या सकाळी तिला नेसवताना तिच्या सासूने पदर हातात घेतला आणि बोटं थबकली. खोलीत चार-पाच बाया होत्या. माय काही सांगायला पुढे झाली.

"झुरळानं खाल्ली होती," शेवंताबाई म्हणाली. सासूकडे सरळ बघून. "मी विणली."

सासूने पदर उजेडाकडे धरला. मोठं भोक होतं तिथे अंगठा फिरवला. "तू?"

"हाव."

"आमच्या खानीच्या काटरमंदी तं झुरळं चपला बी खातेत," सासू म्हणाली आणि निऱ्या घालू लागली. "बरं झालं, विनता येनारी सून भेटली."

दुसऱ्या दिवशी पाठवणीला खाणीतल्या ओळखीचा एक ट्रक आला होता. अलमारी चढवायच्या आधी मायने ती अंगणात, सगळ्या वऱ्हाडासमोर उभी करायला लावली. दोन्ही दारं उघडली. हातात काठी घेतली आणि पाठीवर, बाजूंवर, तळाला ठोकत गेली. बाबांना संकोच झाला. "झालं ना व, किती दाखवशीन?" माय थांबली नाही. सासू पुढे आली, तिने मायच्या हातातली काठी घेतली आणि मायचं ठोकायचं राहिलेलं, माथ्याजवळचं, स्वतः ठोकलं. दोघी वाकून आत बघत होत्या. काही निघालं नाही. "चढवा," सासू म्हणाली.

ट्रक गेला. धूळ बसेपर्यंत आम्ही तिघं ओट्यावर उभे होतो. पाहुणे पांगले. बाबा आत येऊन भिंतीशी बसले. मला वाटलं, आता माय बसेल, आता सगळे रडतील. माय आत आली ती उभीच. तिने लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि अलमारीची जागा होती त्या भिंतीकडे बघितलं. खालच्या कोपऱ्यात मातीला भेग होती.

"अंडे असतीन तिथी," ती म्हणाली. "निर्मला, चुना भिजव."

मी चुना भिजवला. बाबा उठले आणि त्यांनी भेगेतली सुटी माती खरवडून काढली. आम्ही तिघांनी ती भेग भरली, मग पलीकडची, मग चुलीमागची. दुपारचं ऊन कलेपर्यंत बोलणं फक्त "इथी" आणि "अजून थोडा" एवढंच.